साठ मिली

बायकोची सव्वीस आठवड्यांची रजा संपायला दहा दिवस उरले, तेव्हा घरात ठरलं की कन्येला बाटलीची सवय लावायची. ठरवलं बायकोनं, लावायची मी. आई समोर असली की बाळ बाटलीकडे बघतही नाही म्हणे. बरोबर आहे, इंदूरच्या सराफ्यात, एवढ्या खाऊगल्लीत उभं राहून डब्यातली पोळी-भाजी कोण खाईल? मी म्हटलं, त्यात काय, बाटली तोंडात द्यायची आणि धरून बसायचं. संध्याकाळी राजवाड्याच्या गर्दीतून स्कूटर काढणाऱ्या माणसाला एवढं जमणार नाही?

पहिली अडचण दुकानात. मोबाईलपासून मोज्यांपर्यंत मी सगळं जाहिराती बघून घेतो. आणि दुधाच्या बाटलीची जाहिरात करायला १९९२च्या कायद्यानं चक्क बंदी! म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या अकलेनं खरेदी. दुकानदारानं विचारलं, "निपल कौन-सा दूँ भिया? स्लो फ्लो?" मी "जो चलता है वो" म्हणालो. चहाच्या टपरीवर हे उत्तर चालतं, इथे त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

घरी आईनं बाटली उलटसुलट करून पाहिली आणि कपाटातून बाळाला दूध पाजायचं चांदीचं, चोचीचं बोंडलं काढून टेबलावर ठेवलं. माझ्या बारशाला आजोळहून आलेलं. "तू यावरच वाढलास," एवढंच म्हणाली. मी डॉक्टरांचा हवाला द्यायला गेलो आणि तिथेच फसलो. डॉक्टर म्हणाले, बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, धुवायला सोपा, जंतू राहत नाहीत. बाटलीच द्यायची तर प्रत्येक वेळी उकळा. यातलं पहिलं अर्धं वाक्य आईनं त्या दिवसात शेजारच्या तीन घरी सांगितलं.

तर उकळणं. पातेल्यात नर्मदेचं पाणी घेतलं. सत्तर किलोमीटरवरून, डोंगर चढून इंदुरात येणारं पाणी, गॅसवर मात्र पाच मिनिटांत उकळायला लागलं. तेवढ्यात खाली कचरागाडीचं गाणं वाजलं. इंदूरचा माणूस एक वेळ मुहूर्त चुकवेल, पण गाडी नाही. डबे घेऊन धावलो, खाली जोशीकाका भेटले, त्यांनी गुडघ्याची कथा सांगितली. वर आलो तर पाणी आटलेलं आणि निपल पातेल्याला चिकटलेलं. ते सोलून दुसऱ्या दिवशी गाडीपाशी नेलं, तर कोणत्या खान्यात टाकायचं यावर मदतनीस आणि ड्रायव्हर यांचंच जमेना. ओला नाही, सुका म्हणावा तर "भिया, ये प्लास्टिक है क्या?" आमच्या शहराच्या स्वच्छतेत माझ्यामुळे पडलेला हा पहिला पेच.

नवं निपल आणलं. या खेपेला स्लो फ्लो.

रविवारी बायको मुद्दाम रामबागेत माहेरी गेली. जाताना फ्रीजमधल्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणाली, "साठ मिली आहे. पहाटे अर्धा तास पंप लावून काढलंय." सराफसुद्धा सोनं इतक्या गंभीरपणे हातात देत नाही. बाटलीत दुधावर वेगळा थर आलेला. आई म्हणाली, "फाटलं वाटतं." फाटलं नव्हतं, साय वर आली होती. कोमट पाण्याच्या वाटीत बाटली उभी केली, हलक्या हातानं फिरवली, मनगटावर थेंब टाकला. गार. पुन्हा टाकला. अजून गार. अशी तपासणी करता करता पाच-सात थेंब माझ्याच मनगटानं पिऊन टाकले.

कन्या मांडीवर. मी निपल तोंडाशी नेलं. तिनं ते जिभेनं बाहेर ढकललं, पुन्हा आत घेतलं, पुन्हा ढकललं, आणि मग माझ्याकडे असं बघितलं की मी दहावीच्या निकालाच्या दिवशी वडिलांसमोर उभा आहे असं वाटलं. बाटली तिरकी धरून पाहिली, उभी धरून पाहिली. फेऱ्या मारल्या. गाणं म्हटलं, त्यानं तर रडणं सुरूच झालं. तिनं हात फिरवला, बाटली उडाली, झाकणाची आटी मी नीट बसवली नव्हती. सोफ्याच्या गादीनं मात्र काही नखरा न करता दूध प्यायलं.

बाटलीत तीस उरलं. त्याला बाळाचं तोंड लागलेलं, म्हणजे दोन तासांत संपवायचं, नाहीतर मोरीत.

आई उठली. काही बोलली नाही, हे जास्त लागलं. बोंडलं उकळून आणलं, दूध त्यात ओतलं, कन्येला थोडं बसतं धरलं आणि चोच ओठाला टेकवली. ही बया जिभेनं चुटुचुटु दूध ओढायला लागली! मध्येच थांबे, आजीकडे बघे, पुन्हा सुरू. मग खांद्यावर घेतल्यावर ढेकर असा दिला की मांडवात जेवून उठलेल्या भटजींनी ऐकत राहावं.

फोन वाजला.

"घेतलं का तिनं?"

"घेतलं."

"त्रास नाही ना दिला?"

"मला? छे."

"किती गेलं?"

मी सोफ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. ती पदरानं बोंडलं पुसत होती आणि मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती.

"साठच्या साठ गेलं," मी म्हणालो.