‘खाली’ म्हणजे नेमकं काय?

2017 च्या पावसाळ्यात आमच्या फाउंड्रीत एका शब्दामुळे एका पोराचा पाय भाजला. तो शब्द माझ्या तोंडून गेला होता. इतकी वर्षं हे कुठं लिहिलं नव्हतं. आज लिहितोय, कारण गेल्या आठवड्यात सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतले एक ओळखीचे कारखानदार मला म्हणाले, "ते कल्चर ट्रेनिंग वगैरे पुण्याच्या आयटीवाल्यांचं काम. आपल्याकडं लोखंड वितळवायचंय, त्यात कसलं आलंय कल्चर?" कल्चर ट्रेनिंग म्हणजे वेगळ्या मुलखातल्या माणसांशी कसं बोलावं-वागावं याचं शिक्षण. त्यांना तिथं उभ्या उभ्या जे सांगता आलं नाही ते इथं सांगतो.

दुसरी पाळी होती. हीट, म्हणजे एका वेळचं वितळलेलं लोखंड, भट्टीतून निघालेली. त्या रसानं भरलेलं लॅडल, म्हणजे ओतायचं मोठं भांडं, होईस्टला, म्हणजे वर-खाली करायच्या यारीला टांगलेलं. होईस्टचं पेंडंट, म्हणजे बटणांचा लोंबता डबा, कवठे महांकाळच्या आमच्या जुन्या माणसाच्या हातात, आणि लॅडल कलतं करायचं चाक एका नव्या पोराच्या हातात. पोरगा ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातला, कामावर येऊन अकरा दिवस झालेले. लॅडल साच्याच्या तोंडापासून हातभर वर राहिलं होतं. मी पेंडंटवाल्याला ओरडलो, "खाली! खाली घे, खाली!"

पेंडंटवाल्याचा अंगठा बटणावर जायच्या आत त्या पोरानं चाक फिरवलं.

मराठीत खाली म्हणजे तळाकडं. हिंदीत खाली म्हणजे रिकामं, आणि ओडियातही तेच. त्याच्या कानावर जे पडलं ते असं: रिकामं कर, रिकामं कर. साहेब ओरडतोय म्हणजे घाईचं असणार. त्यानं सांगितलेलं काम केलं.

साडेतेराशे अंशांच्या पुढचा रस वाळूत पडला. पावसानं वाळूत ओल धरलेली होती. ओलीवर रस पडला की क्षणात वाफ होते, आणि ती वाफ तापल्या लोखंडाचे थेंब चौफेर उडवते. त्याच्या उजव्या पोटरीवर आणि घोट्यावर थेंब बसले. बुटात गेलेला एक थेंब काढेपर्यंत मांस जळल्याचा वास आला. तो वास मी विसरलेलो नाही.

दवाखान्यात तो सारखं एकच म्हणत होता, "गलती हो गया साहब." मी म्हटलं, गलती माझी आहे. त्याला ते पटेना. साहेबाची चूक असू शकते हे त्याच्या हिशेबातच नव्हतं. खरं शिक्षण मला मिळालं ते त्याच्या गावच्या दुसऱ्या कामगाराकडून. तो म्हणाला, "साब, उसको पहले दिन से आपका बात आधा समझता था." मग विचारलं का नाही? "बड़े आदमी से दो बार कैसे पूछें?" अकरा दिवस मी त्या पोराला रोज विचारत होतो, "समज्या क्या?" आणि तो रोज "हाँ साहब" म्हणत होता. त्या ‘हाँ’चा अर्थ ‘कळलं’ असा नव्हताच. ‘तुमचं बोलणं मी आदरानं ऐकलं’ एवढाच होता.

हे काही ओडिशाचंच वैशिष्ट्य नाही. आमच्या जतकडच्या पोराला दवाखान्यात डॉक्टरनं गोळ्या समजावून सांगितल्या की तोही "व्हय" म्हणतो आणि बाहेर येऊन औषधाच्या दुकानात विचारतो, ही कधी घ्यायची? मोठ्या माणसापुढं ‘कळलं नाही’ म्हणायला जीव धजत नाही. हे आपल्याला घरचं म्हणून ठाऊक आहे, पण शिफ्टवर आपण मोठ्या माणसाच्या जागी उभे राहिलो की नेमकं तेच विसरतो.

गंमत म्हणून नाही, कळकळीनं सांगतो, त्या अपघाताच्या वर्षभर आधी आमच्याकडं असं एक ट्रेनिंग झालं होतं. जर्मन गिऱ्हाइकाचं ऑडिट होतं म्हणून पुण्याहून एक बाई आल्या होत्या. चांगल्या होत्या, अभ्यास होता त्यांचा. जर्मन माणूस तोंडावर चूक दाखवतो तो अपमान नसतो, वेळ म्हणजे वेळ, ‘बघतो’ आणि ‘करतो’ यात त्यांच्या लेखी फरक असतो, हे सगळं त्यांनी समजावलं आणि त्याचा ऑडिटला उपयोग झाला. पण बसलो होतो आम्ही सहा-सात जण, सगळे ऑफिसातले. वर्षातून दोन दिवस येणाऱ्या जर्मन माणसाशी कसं वागायचं हे आम्ही शिकलो. रोज आठ तास शेजारी उभ्या असलेल्या साठ माणसांबद्दल कुणी काही विचारलं नाही, मीही नाही.

त्याच बाईंनी सांगितलेली एक गोष्ट मला अपघातानंतर फार वेळा आठवली. जानेवारी 1990 मध्ये न्यूयॉर्कजवळ कोलंबियाच्या आव्हिआन्का कंपनीचं विमान इंधन संपून कोसळलं. 158 पैकी 73 माणसं गेली. वैमानिकांनी इंधन संपत आल्याचं नियंत्रण कक्षाला सांगितलं होतं, पण ‘इमर्जन्सी’ हा ठरलेला शब्द उच्चारला नाही, आणि तो नाही म्हणून ऐकणाऱ्यांनी धोका तेवढा मोठा मानला नाही. बोलणारा बोलला होता, ऐकणाऱ्यानं ऐकलं होतं. तेव्हा मी ती गोष्ट वहीत लिहून घेतली होती, आणि वही बंद करून शॉपवर, म्हणजे कारखान्यात कामाच्या जागी, गेलो होतो.

या विषयाचा उगम वाचला तर तोही साहेबांच्या खोलीतलाच निघतो. 1950 च्या दशकात अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या संस्थेत एडवर्ड हॉल नावाचे मानववंशशास्त्रज्ञ परदेशी जाणाऱ्या अधिकाऱ्यांना शिकवत. माणसं किती अंतरावर उभी राहतात, वेळ कशी मोजतात, किती बोलतात आणि किती न बोलता सांगतात, हे त्यांनी मांडलं. पुढं नेदरलँड्सचे गीर्ट हॉफस्टेड यांनी 1967 ते 1973 या काळात आयबीएमच्या कितीतरी देशांतल्या नोकरदारांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवरून देशांना गुण दिले. लहान-मोठ्यातलं अंतर माणसं किती मुकाट मान्य करतात, त्यात साधारण शंभरच्या पट्टीवर भारताला 77, म्हणजे बरेच जास्त. अभ्यास मोठा आहे, मी त्याला नाव ठेवत नाही. पण आयबीएममधल्या नोकरदारांच्या सरासरीवरून माझ्या लॅडलच्या चाकापाशी उभा असलेला गंजामचा पोरगा मला कळणार नाही. आणि एक खरी भीतीही वाटते. हल्ली काही ठिकाणी ‘बिहारी असे असतात, मद्रासी तसे असतात’ असे तक्ते दाखवून त्यालाच ट्रेनिंग म्हणतात. त्यानं आधीचे गैरसमज पक्के होतात, वर त्यांना सर्टिफिकेट मिळतं. असं ट्रेनिंग घेण्यापेक्षा न घेतलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायद्याकडं बघावं तर 1948 च्या कारखाना कायद्यातलं कलम 108 सांगायचं की फलक इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावा. बहुसंख्य! म्हणजे शंभरातले साठ मराठी असले की काम झालं. उरलेले चाळीस आगीजवळ काम करत नाहीत का? आमच्या शॉपमध्येच दोन फलक होते. एकावर ‘नियम मोडणाऱ्यास शिक्षा होईल’. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. दुसरा ग्राइंडिंगपाशी, ‘मशीनजवळ चेष्टा करू नये’. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मोतिहारीच्या एका कामगारानं मला प्रामाणिकपणे विचारलं होतं, मशीनजवळ प्रयत्न नको म्हणजे काय करायचं? ओडिया माणसाची तर लिपीच वेगळी. लिपी एकच असल्यानं हिंदीवाल्याला आपलं मराठी कळतंच असं आपण धरून चालतो, आणि तिथंच फसतो. परकी भाषा असती तर निदान विचारलं असतं.

आणि आपला आवाज. सांगलीचा माणूस मायेनंसुद्धा ओरडूनच बोलतो. "काय रं, जेवलास का न्हाई?" हे आपल्या कानाला जिव्हाळ्याचं. पलीकडच्या साताऱ्यातही तीच तऱ्हा. पण ज्याला शब्द कळत नाहीत त्याच्यापर्यंत नुसता सूर पोचतो, आणि तो सूर त्याला शिवीसारखा लागतो. बाहेरच्या राज्याचं सोडा, बीडहून ऊसतोडीला येणाऱ्या मराठी माणसांनाही सुरुवातीला आपलं बोलणं लागतं, हे एका मुकादमानंच मला सांगितलं होतं.

हाक मारण्याचं तर विचारूच नका. हिंदीवाल्यांकडं भैया म्हणजे थोरला भाऊ. आपण त्या शब्दाचं काय केलंय ते सगळ्यांना माहीत आहे. गंजामच्या त्या पोराला आमच्याकडं सगळे ‘ए बिहारी’ म्हणायचे. अकरा दिवसांत त्याला नावानं हाक मारणारा एकही माणूस नव्हता, आणि त्यात मी होतो. डब्यात तो रात्रीचा पाण्यात ठेवलेला भात आणायचा, पखाळ म्हणतात त्याला. पोरं हसायची, शिळा भात म्हणून. ज्यांच्या आज्या-पणज्या शिळी भाकरी ताकात कुस्करून खाऊन उन्हात भांगलायला गेल्या, त्यांनी हसावं?

अपघातानंतर आम्ही जे केलं त्याला फार पैसे लागले नाहीत. पहिलं म्हणजे भट्टीच्या आवारात ‘खाली’ हा शब्द बंद केला. उतरवायचं तर ‘डाउन’, ओतायचं तर ‘पोअर’, आणि दोन्हीला ठरलेली हाताची खूण. खूण नसेल तर हात हलवायचा नाही, मग ओरडणारा मॅनेजर असला तरी. दुसरं, सुपरवायझरांना ‘समजलं का?’ विचारायला मनाई केली. त्याऐवजी ‘आता तू मला करून दाखव.’ हे अंगवळणी पडायला आमच्या सुपरवायझरांना चार महिने लागले, आणि खरं ट्रेनिंग ते चार महिने. कारण त्यात माणसाला स्वतःची सवय मोडायची असते. दर आठवड्याला अर्धा तास, पाळी सुरू व्हायच्या आधी, चहा घेऊन बसायचं. एकदा आपला माणूस सांगणार, एकदा बाहेरचा. बिहारकडचा छठ सण दिवाळीनंतर सहाव्या दिवशी असतो आणि तिकडच्या माणसाला दिवाळीपेक्षा तेव्हा सुट्टी हवी असते, हे आम्हाला तिथं कळलं. जूनमधल्या रज सणाला ओडिशाची माणसं गावाकडं का ओढ घेतात तेही. आधी आम्ही त्याला ‘न सांगता दांडी’ म्हणत होतो.

त्या बैठकींमध्ये एक दिवस असा आला की मी तो कायम लक्षात ठेवीन. आमचे एक सुपरवायझर आहेत, विट्याजवळच्या गावचे. सगळ्यात जास्त विरोध त्यांचा. "आम्ही का शिकायचं? ते आलेत, त्यांनी शिकावं." मी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, तुमचे थोरले बंधू कुठं असतात? आता विटा, खानापूर, आटपाडी भागातल्या माणसाला हे विचारायचीच गरज नसते. सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे ते वितळवून शुद्ध करायच्या धंद्यासाठी, तिथली घरंच्या घरं केरळ-तमिळनाडूपासून बंगाल-पंजाबपर्यंत पसरलेली आहेत. त्यांचे बंधू केरळात. ते थोडा वेळ गप्प बसले, मग बोलायला लागले. भाऊ सोळाव्या वर्षी गेला, दुकानात काम शिकायला. सहा महिने शेजारचा चहावाला काय म्हणतो ते कळायचं नाही, पोरं हसायची, रात्री गल्ल्यामागं झोपून रडायचा. मग त्या चहावाल्यानंच त्याला रोज पाच शब्द शिकवले. आज भाऊ मल्याळम बोलतो, तिथल्या लग्नाकार्यात पहिल्या पंगतीला असतो. सांगता सांगता त्यांचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गंजामच्या पोराला नावानं हाक मारली. त्या खात्यात ती पहिलीच.

"त्यांनी मराठी शिकावं" हे माझंही म्हणणं आहे, अगदी मनापासून. या जिल्ह्यात राबायचं, राहायचं तर इथली भाषा यायलाच हवी. पण शिकवणार कोण? आम्ही ठरवलं, रोज पाच शब्द, त्या चहावाल्यासारखे. आणि जोवर येत नाही तोवर रस काही थांबत नाही, तो पहिल्या दिवसापासून तेवढाच तापलेला असतो. आपली पोरं का घेत नाही, असंही कुणी विचारेल. घेतो. पण पोअरिंगच्या जागेवर उभं राहायला आपल्या गावातली पोरं येत नाहीत, हे कुपवाड-मिरजेतला कुठलाही फाउंड्रीवाला सांगेल. 2020 च्या लॉकडाउनमध्ये ही माणसं गावी गेली तेव्हा भट्ट्या कुणाच्या जिवावर चालतात ते सगळ्यांनी पाहिलं.

आणि हे आपल्याला जमणार नाही असं कुणी म्हणू नये. मिरजेच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीपाशी दहा मिनिटं उभं राहा. तिथली बाई एकाला मराठीत नाव विचारते, दुसऱ्याला "नोवू एल्लिदे?" म्हणून कुठं दुखतंय ते कन्नडात विचारते, तिसऱ्याशी हिंदीत बोलते. वॉर्डात केरळची सिस्टर अथणीच्या म्हातारीला मोडक्या कन्नडात धीर देत असते. समोरच्याला दुखतंय हे दिसतं, म्हणून जीभ वळते. कारखान्यात समोरच्याला कळत नाहीये हे दिसत नाही. ते दिसायला शिकवणं, एवढंच मी या ट्रेनिंगकडून मागतो.

पुढच्या महिन्यापासून आमच्याकडची ही सकाळची बैठक आसपासच्या युनिटच्या सुपरवायझरांसाठीही खुली करतोय. फी नाही, सर्टिफिकेट नाही, चहा आहे. गंजामचा तो पोरगा आता भट्टीवर चार्जहँड, म्हणजे टोळीचा म्होरक्या आहे, पहिला अर्धा तास तोच घेणार आहे, मराठीत. ज्यांना माणसं पाठवायची असतील त्यांनी मेसेज करावा. येणाऱ्यानं एकच गोष्ट आणायची: आपल्या पाळीतल्या बाहेरच्या प्रत्येक माणसाचं पूर्ण नाव आणि गाव, हजेरीपटावरून उतरवून नाही, त्याला विचारून, तो जसं उच्चारतो तसं कागदावर लिहून.