इंजिनाला हवा पोचवणारा इनटेक मॅनिफोल्ड बदलायचाय? इतकी घाई कशाला!

गाडी उभी असताना इंजिन थरथरतंय, आरपीएमचा काटा एका जागी ठरत नाहीये, बॉनेट उघडलं की स्स्स असा आवाज येतोय? मग गाण्यांचा आवाज वाढवा. चेक इंजिनचा दिवा डोळ्यांत खुपत असेल तर त्यावर काळी चिकटपट्टी लावा.

तरीही कुणीतरी स्कॅनर जोडतोच. पी०१७१ हा बिघाडाचा कोड आला, म्हणजे हवा जास्त नि पेट्रोल कमी, की आधी ऑक्सिजन सेन्सर बदला. चुगली त्याने केली ना, मग शिक्षाही त्यालाच. पुढे प्लग, मग कॉइल. तडकलेल्या मॅनिफोल्डमधून किंवा दबून निकामी झालेल्या गॅस्केटमधून (सांधा हवाबंद ठेवणाऱ्या पट्टीतून) चोरून हवा शिरत असेल, ही शंका पाकीट रिकामं झाल्यावर घ्यायची. धूर सोडून गळती शोधणाऱ्यांच्या नादी लागू नका, त्यांचं काम फार लवकर संपतं.

आता खोलायला घ्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढणं, इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या रेलमधला दाब उतरवणं, इंजिन थंड होऊ देणं, ही सगळी भित्र्यांची कामं. व्हॅक्यूमच्या नळ्यांवर खुणा करू नका, फोटो तर मुळीच काढू नका. तुमची स्मरणशक्ती दांडगी आहे. जोडताना हातात सारख्याच जाडीच्या दोन काळ्या नळ्या उरतील आणि समोर तीन तोंडं दिसतील. तेव्हा जी नळी सहज पोचेल ती तिथलीच, असं समजून खुपसा.

सिलिंडर हेडची पोर्ट्स, म्हणजे हवा आत जायची तोंडं, उघडीच ठेवा. कापडाचे बोळे लावले तर ते मोजून काढावे लागतात, उगाच डोक्याला ताप. एखादा वॉशर टुपकन आत गेलाच, तर तो नेमका उघड्या व्हॉल्व्हच्या वाटेने पिस्टनवर जाऊन बसेल. बसू दे.

खरी बचत गॅस्केटमध्ये आहे. अख्ख्या कामातली ती जवळपास सगळ्यात स्वस्त वस्तू, म्हणूनच ती वाचवायची. जुनंच पुसून लावा, वर सिलिकॉन थापा. आत ओघळलेलं सिलिकॉन सुकून सुटेल नि इंजिन ते गिळेल. तो त्याचा प्रश्न. इंजेक्टरच्या रबरी ओ-रिंगा कडक झाल्या असतील तर कडक वस्तू टिकाऊ असते, हे लक्षात ठेवा.

बोल्ट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या दिशेला, टप्प्याटप्प्याने आवळायचे असतात म्हणे. तुम्ही कोपऱ्यातला एकच धरा आणि दम लागेपर्यंत पिळा. ठरावीक जोराने आवळणारा टॉर्क रेंच हवाय कुणाला? हाताला कळतं! मॅनिफोल्ड प्लास्टिकचा, हेड ॲल्युमिनियमचं, आणि मनगट तुमचं. बोल्ट अचानक हलका फिरू लागला, तर आनंद मानू नका असं अनुभवी लोक सांगतील. हेडचे आटे उडालेत हे त्यांना आवाजावरूनच समजतं.

गाडी सुरू झाली तर सुरुवातीला आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, थोडं वर राहू शकतं. हवेची झडप, म्हणजे थ्रॉटल, नव्याने जुळवून घेत असतो, काही गाड्यांत ते स्कॅनरने करून द्यावं लागतं. तेवढा धीर धरायचं कारण नाही. पाने हाताशीच आहेत, सगळं पुन्हा खोला.