गुळाचा खडा आणि फाउंड्रीची धूळ

‘हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात नि बेळगावच्या फाउंड्र्यांत जुने लोक मास्कबिस्क न लावता राबले. सुट्टी झाली की गुळाचा खडा खायचे, धूळ साफ! ऐंशी-ऐंशी वर्षं जगले. आताची पोरंच नाजूक.’ बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज मला तिघांनी पाठवला. उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, फाउंड्रीत (लोखंड वितळवून साच्यात ओततात तिथे) कामाला असताना तो गूळ मीही खाल्लाय, म्हणून लिहितो.

आधी गूळच घेऊ. खडा जातो पोटात, धूळ बसते फुप्फुसात. घशाची खवखव थांबते, तेवढं खरं. १९९४ साली लखनौच्या संशोधकांना उंदरांवरच्या प्रयोगात गुळाचा थोडा फायदा दिसला होता. पण त्या उंदरांना वीस वर्षं फेटलिंग (ओतलेल्या मालाला चिकटलेली वाळू नि जादा धातू घासून काढणं) करायची नव्हती.

‘वाळू नैसर्गिक, तिनं काय होतंय?’ असंही त्या मेसेजात आहे. साच्याची ही वाळू म्हणजे गारगोटीचा चुरा, सिलिका. मोल्डिंगला, म्हणजे साचा करताना, ती ओली असते, बेंटोनाइट या चिकट मातीनं धरून राहते, फारशी उडत नाही. तेराशे-चौदाशे अंशांचा लोखंडाचा रस ओतला की साच्यालगतची वाळू कोरडी ठणठणीत होते, आणि नॉकआउटला, म्हणजे साचा फोडताना, मग ग्राइंडरखाली तिचं पीठ होऊन उडतं. जाड धूळ नाकात अडते. बारीक खाली जाते ती तिथेच राहते. आमच्या शेडमध्ये दुपारी पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप यायची, तिच्यात ते पीठ चकाकत तरंगायचं. तिरीप सरकली की हवा स्वच्छ वाटायची.

राहिली ऐंशी वर्षं. जगले ते दिसतात हो. आमच्या फेटलिंगचे एक मामा पन्नाशीतच स्टेशनचा जिना तीनदा थांबून चढायचे. घरचे म्हणायचे टीबी. सिलिकोसिस (ही धूळ फुप्फुसात साठून होणारा रोग) असलेल्याला टीबी लवकर गाठतो, मग कागदावर टीबीच लागतो. रेल्वेवाल्याला निदान रेल्वेचा दवाखाना होता. ठेकेदाराच्या माणसाचं नाव हजेरीवर असेल तर नशीब. आणि हे काही आताच्या पोरांनी काढलेलं खूळ नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात, सरकारला कळवायलाच हवेत अशा रोगांत सिलिकोसिस होता.

नाजूकपणाचं म्हणाल तर रुमाल आम्हीही बांधायचो. बारीक धूळ त्यातून आरपार जाते. ती जिथे उडते तिथेच ओढून घ्यावी लागते, त्याला एक्झॉस्ट लागतो. आमच्याकडे गुळाची ढेप दर सोमवारी न चुकता यायची. एक्झॉस्टचा पट्टा तुटलेला होता. मी नोकरी सोडली त्या दिवशीही तो तसाच लोंबत होता.