४७.९ नंतरची रात्र

२३ मे २०१३ रोजी नागपूरचे कमाल तापमान ४७.९ अंश सेल्सिअसवर गेले. शहराच्या नोंदींतील हा उच्चांक आहे. त्या संध्याकाळी आम्हा हवामानवेड्या मंडळींत एकच हळहळ चालली होती, की आणखी एक दशांश अंश चढला असता तर अठ्ठेचाळीस झाले असते! ही हळहळ मीही केली, आणि अगदी मनापासून केली. दुपारी तीन वाजता घराच्या फाटकाची लोखंडी कडी रुमाल गुंडाळून उघडावी लागली होती, गच्चीवरच्या टाकीतले पाणी अंगावर घेववत नव्हते, रस्त्याचे डांबर चपलेला धरत होते. आणि हे सगळे अनुभवत असताना माझ्या मनात चाललेले होते ते फक्त त्या एका दशांशाचे गणित.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या टपरीत कोळशाची इस्त्री चालवणारे एक काका होते. सायंकाळी कपडे आणायला गेलो तेव्हा त्यांनी सवयीने विचारले, "किती झालं भाऊ आज?" मी जवळजवळ पेढे वाटल्याच्या सुरात सांगितले, "सत्तेचाळीस पॉइंट नऊ! आजवर कधी झालं नव्हतं." त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली, खांद्यावरच्या दुपट्ट्याने मान पुसली आणि विचारले, "मंग उद्या उतरन का जी?"

उत्तर मला ठाऊक होते. सकाळीच नकाशे पाहून झाले होते आणि उष्णता लगेच हटण्यातली नाही हे दिसत होते. किंबहुना त्याच गोष्टीने मी दिवसभर खुशीत होतो. "बघू, दोनचार दिवस राहीलच," असे काहीतरी पुटपुटून मी कपडे उचलले. आज हे सारे आठवण्याचे कारण असे, की एप्रिल लागला आहे, आमची मंडळी पुन्हा नकाशांवर वाकली आहेत, आणि 'यंदा मोठी लाट येणार' या वाक्यातला आनंद लपवणे कोणालाच जमत नाही आहे.

हा आनंद नेमका कशाचा, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगणे कठीण आहे. मध्य भारतावर वातावरणाच्या वरच्या थरांत प्रतिचक्रवात, म्हणजे जास्त दाबाच्या हवेचा मोठा भोवरा, ठाण मांडतो, त्यातली हवा खाली बसू लागते, खाली येताना दाबली जाऊन तापते आणि ढगांना डोके वर काढू देत नाही. त्यातच राजस्थान आणि मध्य प्रदेशाकडून कोरडे वायव्य वारे विदर्भात उतरत असतील आणि मार्चअखेरीस अवकाळी पाऊस झालेला नसल्याने जमीन कोरडी ठणठणीत असेल, तर सूर्याची शक्ती ओल सुकवण्यात खर्च न होता सरळ हवा तापवण्यात जाते. हे सगळे दुवे एकेक करून जुळताना पाहणे हा एक प्रकारचा थरार आहे. एखाद्या दुपारी बंगालच्या उपसागरावरून आलेला दमट वारा मध्येच घुसतो, चार वाजता ईशान्येला काळे ढग उभे राहतात, वळवाच्या दोन सरी पडतात आणि आठवडाभर रचलेला डाव मोडतो. खरे सांगायचे तर अशा वेळी आमच्यातले काही जण पावसावर रुसतात. मेमध्ये नागपुरात पावसावर रुसणारी माणसे बहुधा आम्हीच असू.

या वेडाला माझा आक्षेप नाही. मी स्वतः त्यात पुरता बुडालेलो आहे. आक्षेप आहे तो आम्ही काय पाहतो आणि लोकांना काय सांगतो याला.

पहिली गोष्ट अंदाजाची. अमेरिकेचे जीएफएस प्रारूप, म्हणजे हवामानाचे गणित मांडणारे संगणकी मॉडेल, दिवसातून चार वेळा नव्याने चालते, आणि त्यातली दहाव्या दिवसाची आकृती प्रत्येक वेळी वेगळी निघू शकते. सकाळच्या फेरीत विदर्भावर ४७ दिसले की त्याचे चित्र तासाभरात सगळीकडे फिरते; रात्रीच्या फेरीत तेच ४३ झाले तर ते चित्र कोणी पुढे पाठवत नाही. युरोपीय हवामान-अंदाज केंद्राचे समूह-प्रारूप एकाच अंदाजाच्या ५१ आवृत्त्या काढते, त्या याचसाठी, की सुरुवातीच्या नोंदींतला बारीकसा फरक दहा दिवसांनी कुठवर नेतो ते कळावे. समजा, ५१ पैकी सहाच आवृत्त्या ४६ च्या वर जात असतील, तर सांगण्यासारखी गोष्ट 'शक्यता थोडी आहे, लक्ष ठेवू' इतकीच असते. आम्ही मात्र त्या सहांतली सर्वांत लाल आवृत्ती निवडतो. भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढील आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. त्याची भाषा 'सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता' अशी बेताची असते, म्हणून आमच्यात त्याची चेष्टा होते. ती भाषा रुक्ष आहे हे खरे, परंतु त्या रुक्षपणात जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगण्याचा प्रामाणिकपणा आहे.

दुसरी गोष्ट मोजण्याची, आणि इथे आमच्या नागपूरकरांनी जरा खाली मान घालून बोलावे हे बरे. मे २०२४ च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश नोंदले गेले. भारताचा आजवरचा उच्चांक राजस्थानातील फलोदीचा, १९ मे २०१६ चा, ५१ अंशांचा आहे, आणि ५६ नोंदले गेले त्या दिवशी नागपुरातली इतर केंद्रे पंचेचाळिशीच्या आसपास होती. तापमान टिपणारा संवेदक (सेन्सर) बिघडला आहे हे शाळकरी पोरालाही कळावे. तरी तो आकडा काही तास देशभर धावला, आणि तो पळवणाऱ्यांत जाणकार म्हणवणारे कमी नव्हते. त्याच्या आदल्या दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ दाखवले होते, आणि तिथेही संवेदक तीन अंश जास्त दाखवत असल्याचे नंतर जाहीर झाले. तापमान म्हणजे पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, वारा खेळत असताना मोजलेले हवेचे तापमान. भिंतीला टांगलेला तापमापक भिंतीचे सांगतो आणि गाडीच्या डॅशबोर्डावरचा आकडा रस्त्याचे सांगतो. माझ्या गच्चीवरची पेटी सुताराकडून बनवून घेतलेली आहे, तिचे दार उत्तरेला उघडते, तरीही खालचा स्लॅब तापत असल्याने ती वेधशाळेपेक्षा अंशभर जास्तच दाखवते, आणि नोंदवहीत मी तसे लिहून ठेवतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हवामान विभागाच्या व्याख्येनुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० असेल आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी किंवा अधिक चढलेले असेल, तर ती उष्णतेची लाट. अथवा सरासरी काहीही असो, तापमान ४५ ला पोचले तरी लाट. मेच्या उत्तरार्धात नागपूरची सरासरीच साडेबेचाळीसच्या आसपास असते. म्हणजे इथे सलग आठ दिवस ४४.८ राहिले तर कागदोपत्री लाट नाहीच. किनारपट्टीसाठी हीच अट ३७ पासून सुरू होते. मुंबईतला माझा मावसभाऊ आमच्या आकड्यांना हसतो तेव्हा मला हे आठवते. त्याचे सगळे लक्ष मार्च-एप्रिलमध्ये सकाळी अकराच्या वाऱ्यावर असते. समुद्रावरचा वारा वेळेवर आला तर दिवस निभावतो. पूर्वेचा वारा रेंगाळला तर पारा भराभर चढतो. सांताक्रूझचा ४२.२ चा उच्चांक १४ एप्रिल १९५२ चा आहे, मेमधला नाही, त्यामागे हेच आहे.

पण आकडा लहान म्हणजे धोका लहान, हे समीकरण खोटे आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला बसलेल्यांपैकी १४ जण उन्हाचा त्रास होऊन दगावले, तेव्हा त्या परिसरातील तापमान ३८ च्या आसपास होते. विदर्भातल्या माणसाला ३८ म्हणजे होळीच्या आधीचे दिवस वाटतात. फरक हवेतल्या पाण्याचा आणि डोक्यावर सावली असण्या-नसण्याचा आहे. आमच्याकडे तो फरक कुलर समजावतो. ४५ अंश तापमान आणि १० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २१-२२ अंशांपर्यंत उतरतो. म्हणूनच खस भिजली की पंख्यातून गार झोत येतो आणि दार लावून दुपार काढता येते. ३८ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता असेल तर तोच ओला तापमापक ३० च्या खाली येत नाही. घाम हा शरीराचा कुलर आहे, आणि दमट हवेत दोन्ही कुलर एकदमच नापास होतात. मृगाच्या तोंडावर नागपुरात पारा चार अंशांनी उतरलेला असतो आणि माणसे मात्र "आता सहन होत नाही" म्हणतात, ते यामुळे.

आणि या सगळ्यापेक्षा दुर्लक्षित राहिलेली गोष्ट म्हणजे रात्र. कमाल तापमानाच्या शर्यतीत आम्ही इतके गुंतलेले असतो की किमान तापमानाचा रकाना कोणी उघडतच नाही. माझ्या लहानपणी मेमध्ये संध्याकाळी गच्चीवर पाण्याच्या बादल्या ओतायच्या, वाफ निघून जाऊ द्यायची आणि नवानंतर गाद्या टाकायच्या, असा शिरस्ता होता. पहाटे चादर ओढावी लागे. दिवसभर तापलेले शरीर त्या चार तासांत सावरत असे. आता चहूबाजूंनी चढलेल्या काँक्रीटच्या इमारती दिवसाची उष्णता रात्रभर परत देतात, मोकळा वारा अडतो, आणि ज्यांच्या डोक्यावर पत्रा आहे त्यांच्या खोलीत रात्री अकरालाही पाऊल ठेववत नाही. किमान ३१-३२ वर अडकलेल्या सलग चार रात्री एका ४७ च्या दुपारपेक्षा माणसाला जास्त झिजवतात, असे माझे ठाम मत झाले आहे. हवामान विभाग 'उष्ण रात्र' जाहीर करतो, पण त्यासाठीही दिवसाचे कमाल ४० असावे लागते. म्हणजे ३९ चा दिवस आणि त्यामागून न उतरणारी घामट रात्र या हिशेबात बसतच नाही.

त्या २३ मेच्या रात्रीचे किमान तापमान किती होते, हे मला आजही तोंडपाठ सांगता येत नाही. ४७.९ मात्र झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन. इस्त्रीवाल्या काकांचा प्रश्न 'उद्या उतरन का' असा होता, आणि त्याचे खरे उत्तर त्या रात्रीच्या रकान्यात होते.

कोणी म्हणेल, म्हणजे आता हवामानाचा छंदही सुतकी चेहऱ्याने करायचा का? तसे मी म्हणत नाही. मे २०१० च्या लाटेत अहमदाबादेत शेकडो माणसे गेली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला, आणि आगाऊ इशारा हाच त्याचा पाया आहे. नकाशे चार दिवस आधी वाचता येणारा माणूस प्रत्येक वस्तीत असणे ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त त्याने वाचलेले दुसऱ्याच्या कामाचे असावे. काटोलकडच्या संत्र्याच्या बागाईतदाराला विचारा: आंबिया बहाराची फळे झाडावर असतील तर लाटेत फळगळ होते म्हणून तो धास्तावलेला असतो, आणि शेजारचा मृग बहार (पावसाच्या तोंडावरची फुले) धरण्यासाठी पाणी तोडून झाडांना ताण देत बसलेला असतो, त्याला अवकाळी पाऊस नको असतो. दोघांनाही '४७ येणार' या आरोळीचा काही उपयोग नाही. किती दिवस, कोणत्या तारखेपासून आणि मध्ये पाऊस आहे का, एवढेच त्यांना हवे असते. (नवतपा चांगला तापला तर पाऊसकाळ चांगला, हे दोघेही सांगतील. २५ मेपासूनच्या नऊ दिवसांत नागपूर किती भाजले यावर मोसमी पाऊस ठरत नाही, हे मी त्यांना दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी हरतो.)

यंदा माझ्या नोंदवहीत मी रकान्यांची अदलाबदल केली आहे. पहिला रकाना पहाटेच्या किमानाचा, दुसरा दुपारच्या आर्द्रतेचा आणि तिसरा कमालाचा. पुढल्या आठवड्यात लाट येईलच असे मी आज कोणालाही सांगणार नाही. प्रतिचक्रवात बसतो आहे, जमीन कोरडी आहे, पण आठव्या दिवसानंतर प्रारूपांचे एकमत नाही. गुरुवारचा अंदाज आला की पुन्हा लिहीन. काकांची टपरी आता त्यांचा मुलगा चालवतो, कोळशाच्या जागी विजेची इस्त्री आली आहे, पत्रा तोच आहे. काल त्याने विचारले तेव्हा मी त्याला रात्रीचा आकडा सांगितला. तो म्हणाला, "दिवसाचा सांगा ना जी, रातचा त आमाले मालूमच हाय."