सई, सखू आणि सोयरा

"अर्थ बघूनच ठेवलंय हो नाव!" बारशाला हे वाक्य हमखास ऐकू येतं. मला ते कधीच पटत नाही. अर्थ आपण मागाहून शोधतो. आधी कानाला काय गोड लागतं, कुठल्या नटीचं आहे, जावेच्या मुलीच्या नावापेक्षा वरचढ वाटतं का, आणि हो, आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंचं तर नाही ना, एवढं सगळं मनातल्या मनात चाळून होतं. मग अर्थाची पाळी. पुराव्यादाखल एकच नाव घेते, दोन अक्षरांचं. सई.

सध्या या नावाची चलती आहे. आमच्या सोसायटीच्या गणपतीत बक्षीस समारंभाला 'सई' पुकारलं की एकीच्या जागी तिघी उठतात आणि मग आडनाव सांगावं लागतं. माझ्या शाळेच्या वर्गात संगीता होत्या, मनीषा होत्या, वैशाली तर ढिगाने होत्या. सई एकही नव्हती. सई म्हटलं की एकच नाव आठवायचं, सई परांजपे. त्यांचा जन्म १९३८चा. तेव्हा आजूबाजूला प्रमिला, मालती, कुसुम अशी नावं ठेवली जात होती. तरी परांजप्यांच्या घरात हे जुनं, विस्मरणात गेलेलं नाव कुणाला तरी सुचलं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

आता नाव आलं कुठून ते सांगते. संस्कृतातली सखी. महाराष्ट्री प्राकृतात दोन स्वरांमध्ये सापडलेला 'ख' टिकायचा नाही, त्याचा 'ह' व्हायचा. मुखाचं मुह झालं, सखीची सही झाली. हाल सातवाहन राजाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशती या प्राकृत काव्यसंग्रहात बायका एकमेकींना 'सहि' अशीच हाक मारतात, आणि बोलतात काय, तर गावाला गेलेल्या नवऱ्याबद्दल, शेजारणीबद्दल, सासूबद्दल. (दीड-दोन हजार वर्षांत विषय फारसे बदललेले नाहीत.) पुढे तो 'ह'ही गळाला आणि सई उरली. हिंदीतली सहेली आणि गुजरातीतली सहियर याच घरातल्या. बंगालीत तर आजही जिवाच्या मैत्रिणीला 'शोई' म्हणतात, लिहितात मात्र 'सइ'. तिकडे दोन मुली रीतसर एकमेकींच्या सई व्हायच्या आणि मग ते नातं जन्मभर पाळलं जायचं.

आपल्याकडे हा शब्द जात्यावर टिकला. ओवी गाणारी बाई दर दोन ओळींनी 'सये', 'सयांनो' म्हणते ना, ती हीच. समोर दुसरी बाई बसलेली असो वा नसो, पहाटेच्या अंधारात दळताना मनातलं सांगायला कुणीतरी लागायचंच. म्हणून मला हे नाव आवडतं. यात देवी नाही, फूल नाही, नदी नाही. नेटवरच्या नावांच्या याद्यांचं सोडा, तिथे मुलीच्या प्रत्येक नावाचा अर्थ फिरून फिरून लक्ष्मी नाहीतर दुर्गाच निघतो. सईचा अर्थ मैत्रीण. बस्स.

पण हे नाव लोकप्रिय झालं ते या अर्थामुळे? मुळीच नाही. ते झालं महाराणी सईबाईंमुळे. फलटणच्या नाईक निंबाळकरांची लेक, १६४० साली पुण्यात शिवाजीराजांशी लग्न झालं, तेव्हा राजे जेमतेम दहा वर्षांचे. १६५७ साली पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला आणि १६५९च्या सप्टेंबरात राजगडावर सईबाई वारल्या. पुढच्या दोनच महिन्यांत प्रतापगडाखाली अफजलखानाची भेट. म्हणजे अफजलखानाच्या स्वारीच्या धामधुमीतच राजांच्या घरात हे दुःख झालेलं होतं, आणि शंभूराजे दोन वर्षांचे होते. राजगडच्या पायथ्याशी पाल खुर्दला त्यांची समाधी आहे. कादंबऱ्या, नाटकं, मालिका सगळ्यांनी मिळून सईबाईंची एक हळवी, सोशिक, लवकर गेलेली राणी उभी केली. आपल्याला अशा राण्या आवडतात. नाव घराघरांत गेलं.

आता गंमत बघा. सईबाईंच्या एका मुलीचं नाव होतं सखूबाई. शब्द तोच, सखी! आई सई, लेक सखू. एक प्राकृतातून झिजत आली, दुसरी संस्कृतातला 'ख' तसाच ठेवून लाडाचा 'ऊ' लावून आली. अर्थामध्ये तसूभर फरक नाही. सखूबाई तर थेट शिवाजीमहाराजांची कन्या. वर कराडच्या संत सखूची पुण्याईही या नावाला आहे. मग सांगा, तुमच्या ओळखीत गेल्या वीस वर्षांत कुणी मुलीचं नाव सखू ठेवलंय?

नाही ना. कारण सखू आपण वाटून टाकली. नाटकात, सिनेमात, विनोदी कथेत घरकाम करणारी बाई दाखवायची झाली की सखू, सगुणा, गंगू, चंपा. वर्षानुवर्षं हेच बघितल्यावर कुणाची टाप आहे पाळण्यात 'सखू' म्हणायची? सई मात्र राजवाड्यातून थेट इंग्रजी शाळेच्या पटावर. आणि ज्यांना तोच अर्थ हवाय पण सईची गर्दी नको, ते हल्ली 'सखी' ठेवतात. म्हणजे एकाच शब्दाची तीन रूपं: एक खानदानी, एक मॉडर्न, एक मोलकरणीची. अर्थ बघून नाव ठेवतो म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. हे जातीचं आणि वर्गाचं गणित आहे, आणि ते आपण इतक्या सहज करतो की करतोय हेही कळत नाही.

दुसरं उदाहरण सोयराबाईंचं. सोयरी म्हणजे नात्यातली, आपली माणूस. नाव म्हणून सईच्या तोडीस तोड. चोखोबांच्या पत्नी संत सोयराबाई, त्यांचे अभंग आजही मैफलीत मोठमोठे गायक गातात आणि आपण माना डोलावतो. पण नाव? अजिबात नाही. कारण महाराजांच्या दुसऱ्या राणीला गोष्टींमध्ये सावत्र आईची भूमिका मिळाली, आणि ती त्या नावालाही चिकटली. इतिहास काय म्हणतो ते इतिहासकार बघतील. बारशापुरता निकाल मालिकांनी देऊन टाकलाय.

आमच्याकडचं सांगते. भाचीचं बारसं होतं. पत्रिकेत रास कुंभ, अक्षर 'स', आणि आत्या म्हणून नाव सुचवायचा मान माझा. मी दोन नावं पुढे केली, सई आणि सखू. दुसरं ऐकून वहिनीच्या आईच्या हातातला घुगऱ्यांचा चमचा वाटीतच थांबला. "थट्टा करताय ना?" मी थट्टा करत नव्हते, पण आग्रहही धरला नाही, मूल त्यांचं आहे. 'कुर्रर्र' करून पोरीच्या कानात सई म्हटलं आणि पाठीत यथेच्छ बुक्के खाल्ले. त्यावर मावशींची नवी शंका: "एवढंसं नाव, लाडाने काय म्हणायचं?" त्याची चिंता नको होती. आपल्याकडे लांब नावाचं आखूड आणि आखुडाचं लांब होतंच. प्रभाकरचा पऱ्या होतो, सईची सयू, सयडी, सईबाई, सईटली आणि राग आला की "सऽऽई" अशी ई ताणून जिन्यापर्यंत जाणारी हाक. शेवटी दीर्घ ई असल्यामुळे आणि जोडाक्षर नसल्यामुळे हाक मारायला हे नाव फार सोयीचं आहे. दोन अक्षरी नावांतही सगळी अशी नसतात. 'ऋत्वी' म्हणून मैदानातून हाक मारून बघा.

सईचा खरा ताप वेगळाच आहे, तो रोमन स्पेलिंगचा. एस-ए-आय लिहिलं की महाराष्ट्राबाहेर सगळे 'साई' वाचतात. तेलुगू मुलखात साई हे मुलग्यांचं अगदी रुळलेलं नाव, तेव्हा त्यांचा दोष नाही. अभिनेत्री साई पल्लवीच्या नावातला साईही तोच, सईशी त्याचा संबंध नाही. साई आला स्वामी या शब्दावरून, म्हणजे मालक, धनी. इंग्रजी कागदावर धनी आणि मैत्रीण एकाच स्पेलिंगात बसतात! भाचीच्या पहिल्याच विमान तिकिटावर ती 'मास्टर साई' झाली होती आणि काउंटरवर माझ्या भावाला दोन वर्षांच्या पोरीचं बाईपण सिद्ध करावं लागलं. तरी हिंदी प्रेक्षकांना हल्ली थोडी सवय झालीये. सई ताम्हणकर हिंदीतही दिसते, आणि २०२० साली स्टार प्लसवर आलेल्या एका मालिकेची नायिकाच गडचिरोलीची सई होती. तेव्हा उत्तरेतल्या कितीतरी घरांत हे नाव पहिल्यांदा बरोबर उच्चारलं गेलं असणार.

ज्यांच्याकडे नवी सई येणार आहे त्यांना एवढंच सांगीन की जन्मदाखल्यावर शेवटी दोन ई लावा आणि मग आधार, शाळा, पासपोर्ट सगळीकडे तेच ठेवा. एकदा एकीकडे आय आणि दुसरीकडे ई झालं की प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं.

आणि तुमच्या गावात, नात्यात दहा वर्षांच्या आतली एखादी सखू किंवा सोयरा असेल तर खाली नक्की सांगा. तिच्या आईबापांशी मला बोलायचंय.