स्ट्रॉबेरीचं राहूनच गेलं

अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराच्या निकोलस लाँगवर्थ (१७८३–१८६३) यांच्यावरचा लेख आवडला. वकिली सोडून कटॉबा जातीची द्राक्षं लावली, वाइन गाजवली, पुढे रोगाने मळे बसले, हे सगळं छान आलंय. पण स्ट्रॉबेरी एका ओळीत उरकलीत राव! काही जातींच्या फुलांत नुसता स्त्रीकेसर असतो. शेजारी पुंकेसरवाली रोपं नसली की वाफा फुलांनी भरतो आणि फळ नावाला. हे गळी उतरवायला हा गृहस्थ बागायतदारांशी वर्षानुवर्षं भांडला. वकिली सुटली, वाद घालणं थोडंच सुटतंय! घरच्यांत मला नात मारिया भारी वाटते. १८८० मध्ये तिने रूकवुड पॉटरी हा मातीच्या कलात्मक भांड्यांचा कारखाना काढला. तिचा भाचा निकोलस अमेरिकी प्रतिनिधिगृहाचा सभापती झाला, त्याच्यावरही लिहा.