शून्य हिट, ४ रन, आणि शीट तरी बरोबरच आहे

बेसबॉलचा तो फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. १ जुलै १९९०, शिकागोच्या कोमिस्की पार्कवर न्यूयॉर्कच्या यांकीज टीमचा पिचर (म्हणजे बॉल टाकणारा) अँडी हॉकिन्स याने शिकागोच्या व्हाइट सॉक्सला एकही हिट दिली नाही, तरी तो मॅच ४-० ने हरला. खाली तात्पर्य: बेसबॉलचं स्कोअरशीट म्हणजे थापा, "हिट नाही तर रन आले कुठून?", "एकही अर्न्ड रन (पिचरच्या चुकीने गेलेला रन) नाही मग हरला कसा?" आणि "हरला म्हणून नंतर त्याचं रेकॉर्डच पुसलं". मॅच खरी आहे, स्कोअर खरा आहे. बाकी तात्पर्य मात्र चुकीचं.

आधी रन कुठून आले ते. आपण क्रिकेटवाले, बॅट लागली म्हणजे हिट असंच धरतो. तिकडे तसं नाही. फिल्डरने साधारण प्रयत्नात आऊट करायला हवं होतं आणि त्याने घाण केली, तर बॅटर बेसवर पोचला तरी शीटवर हिट नाही, एरर लागते. तिकडे तीन आऊट झाले की इनिंग संपते. आठव्या इनिंगमध्ये दोन आऊट झाले होते. सॅमी सोसाचा बॉल थर्ड बेसवाल्या माइक ब्लोअर्सकडे, त्याच्याकडून सुटला, एरर. मग हॉकिन्सने ओझी गियेन आणि लान्स जॉन्सनला वॉक दिले (चार बॉल बाहेर टाकले की बॅटरला फुकट बेस), तिन्ही बेस भरले. रॉबिन व्हेंच्युराने उंच मारला, वारा होता, लेफ्टला जिम लेरिट्झने तो हातातून सोडला आणि तिघेही घरी, म्हणजे तीन रन! पुढच्या बॅटरने मारलेला बॉल फिल्डर जेसी बारफिल्डला उन्हात दिसेना, तोही सुटला, चौथा रन. म्हणजे एकाच इनिंगमध्ये ३ एरर आणि हे सगळं शीटवर लिहिलेलं आहे, लपवलेलं काहीच नाही. (आपल्याकडे कॅच सुटला तर स्कोअरकार्डवर त्याचा मागमूसही नसतो, पुढचे सगळे रन गुपचूप बॉलरच्या नावावर. मग थापा कोण मारतंय?)

आता अर्न्ड रन. ब्लोअर्सने तो आऊट केला असता तर इनिंग तिथेच संपली असती, म्हणून त्यानंतरचे चारही रन अनअर्न्ड, पिचरच्या सरासरीत धरले जात नाहीत. पण हार कोणाच्या नावावर हा हिशोब वेगळा आहे, तिथे फक्त हे बघतात की समोरच्याला कायमची आघाडी मिळाली तो रन कोणत्या पिचरच्या खात्यातला, अर्न्ड की अनअर्न्ड हा प्रश्नच येत नाही. आणि खरं सांगू का, ते दोन वॉक कोणी दिले? हॉकिन्सनेच. बिचारा म्हणा, मीही म्हणतो, पण ते वॉक नसते तर लेरिट्झच्या हातून बॉल सुटून तीन रन गेलेच नसते.

रेकॉर्ड पुसलं हे तर सरळ खोटं. मॅचची शीट आजही तशीच आहे. १९९१ मध्ये मेजर लीगच्या (अमेरिकेतली सगळ्यात वरची बेसबॉल लीग) समितीने नो-हिटरची, म्हणजे एकही हिट न दिलेल्या मॅचची, व्याख्या पक्की केली: किमान ९ इनिंग टाकलेल्या हव्यात आणि मॅच संपेपर्यंत एकही हिट नको. घरची टीम नंतर बॅटिंग करते; सॉक्स घरच्या मैदानावर पुढे होते, त्यांना नवव्या इनिंगमध्ये बॅटिंग करावीच लागली नाही, त्यामुळे हॉकिन्सच्या भरल्या फक्त ८. म्हणून नो-हिटरच्या यादीतून नाव गेलं. त्याच झटक्यात हार्वी हॅडिक्सही गेला, १९५९ मध्ये १२ इनिंग परफेक्ट (एकही बॅटर बेसवर नाही) टाकून १३ व्यात हिट देऊन हरलेला. ते मलाही कडक वाटतं, वाद घालायचा तर तिथे घाला.

आणि हरला म्हणून काढलं म्हणणाऱ्यांनी केन जॉन्सन बघावा. एप्रिल १९६४, ह्यूस्टनचा पिचर, पूर्ण ९ इनिंग, हिट शून्य, सिनसिनाटीकडून १-० ने हार. त्याचं नाव अजून यादीत आहे.

हां, एक गोष्ट मान्य. हिट की एरर हे ऑफिशियल स्कोअरर डोळ्यांनी बघून ठरवतो, मोजपट्टी नसते. सोसाच्या त्या बॉलवर दुसरा कोणी बसला असता तर कदाचित हिट लिहिली असती, मग ना हा फॉरवर्ड असता ना माझा हा वैताग.